सुटून गेलेल्या नऊ गाड्या परत बोलावण्याबाबत

प्रति,
मा. महासंचालक,
अक्तास कोरडे बंदर व माल-हस्तांतरण केंद्र,
पूर्व सीमा.

(मा. सहसंचालक, मनुष्यबळ, यांच्यामार्फत पाठवलेला याच विषयाचा आधीचा अर्ज दोनदा न उघडता परत आल्यामुळे या वेळी थेट.)

विषय : पात्रता परीक्षेतील प्रश्न क्र. ४७, सासूबाईंची अंगठी आणि गेल्या नोव्हेंबरात सुटून गेलेल्या नऊ मालगाड्या परत बोलावण्याबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक क्र. ११८, दि. ४ मार्च.
२) आपले पत्र दि. ९ ऑगस्ट, ज्यात अर्जदाराला खेद कळवला आहे.
३) आपले पत्र दि. १ सप्टेंबर, ज्यात खेदही नाही.

अर्जदार : श्रीमती कुल्याश बैमुरातकिझी ओतेगेन, वय ४८, माजी पाळी-नियंत्रक, सध्या नेमणूक पाचर-शेड.

महोदय,

१. अर्जदार या बंदरात एकोणीस वर्षे नोकरीला असून त्यांपैकी चौदा वर्षे ती नियंत्रण-केबिनमधल्या खुर्चीवर बसत होती. पूर्वेकडून येणारी गाडी अरुंद रुळांवरून येते. आपले रूळ रुंद आहेत. त्यामुळे प्रत्येक कंटेनर एका गाडीवरून उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवावा लागतो. कोणता आधी उचलायचा, कोणता थांबवायचा, कोणता कोणत्या वाघिणीवर ठेवायचा, हे त्या खुर्चीवरचा माणूस सांगतो. हे सर्व आपणांस माहीत आहेच; परंतु गेल्या सात महिन्यांतला पत्रव्यवहार पाहता अर्जदाराची तशी खात्री राहिली नाही, म्हणून सविस्तर लिहिले.

२. संदर्भ क्र. १ अन्वये असे ठरले की, १ सप्टेंबरपासून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र नसलेल्या कोणत्याही व्यक्तीने सदर खुर्चीवर बसू नये. (उभे राहून काम केल्यास चालेल काय, अशी लेखी विचारणा अर्जदाराने १२ मार्चला केली होती. उत्तर अप्राप्त.) कार्यालय तीन प्रमाणपत्रांपैकी एकाचे शिक्षण देईल, संपूर्ण नोकरीत एकदाच देईल, निवड दहा दिवसांत कळवावी आणि एकदा कळवलेली निवड बदलता येणार नाही, असेही त्यात होते. अर्जदाराचे लग्न ठरले तेव्हा तिला याहून जास्त वेळ मिळाला होता.

३. तिन्ही प्रमाणपत्रांची नावे लांबलचक व परकी असल्याने यार्डात त्यांना साठा-पत्र, साखळी-पत्र आणि पट्टा-पत्र असे म्हणतात, व या अर्जातही तसेच म्हटले आहे. साठा-पत्र म्हणजे किती माल करायचा, कधी करायचा आणि किती शिल्लक ठेवायचा याचे शास्त्र. साखळी-पत्र म्हणजे माल जिथे जन्मतो तिथपासून तो जिथे वापरून फेकला जातो तिथपर्यंतच्या सगळ्यांची एकमेकांशी गाठ कशी घालावी याचे शास्त्र. पट्टा-पत्र म्हणजे चालू कामातल्या चुका आणि फुकट जाणारा वेळ मोजून मोजून कमी करण्याचे शास्त्र. त्यात पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पट्टे मिळतात आणि प्रत्येक पट्ट्याला नवे पुस्तक लागते.

मनुष्यबळ विभागात चौकशी केली असता तेथील लिपिक श्री. मेईरखान यांनी साठा-पत्राची शिफारस केली. कारण विचारता, यार्डात सगळेच अर्जदाराला 'आपाय' म्हणजे ताई म्हणतात तसे म्हणून, ते म्हणाले, "आपाय, त्याचं पुस्तक सगळ्यांत जाड आहे. उद्या वरून तपासणी आली तर टेबलावर ठेवायला बरं दिसतं." आपल्या यार्डात माल शिल्लक ठेवला तर दंड बसतो, हे अर्जदाराने त्यांच्या निदर्शनास आणले. त्यावर त्यांनी, ते पुस्तकात कुठेतरी असेलच, असे सांगितले.

४. अर्जदाराने मग श्री. जान्दोस यांना विचारले. हे सव्वीस वर्षांचे अभियंते असून तेव्हाच्या चौदा महिने आधी रुजू झाले, तिन्ही प्रमाणपत्रे घेऊनच आले, आणि केबिनचे काम अर्जदाराच्या शेजारी स्टूल टाकून शिकले. मुलगा गुणाचा आहे. सदर अर्जात पुढे त्यांच्याविषयी जे काही येईल ते वाचताना आपण हे वाक्य विसरू नये, ही विनंती.

ते म्हणाले, "आपाय, सोपं आहे. एका छपराखाली कारखाना चालवायचा असेल तर साठा-पत्र घ्या. पाच देशांतल्या पाच लोकांशी बोलून माल पुढे काढायचा असेल तर साखळी-पत्र. आणि आहे तेच काम कमी चुकांत करायचं असेल तर पट्टा. तुम्हाला नक्की काय करायचंय?"

अर्जदार म्हणाली, "मला माझ्या खुर्चीवर बसायचंय."

"त्याचं प्रमाणपत्र नाहीये, आपाय," असे ते म्हणाले, व तसे म्हणताना त्यांना वाईट वाटलेले दिसले.

५. घरीही विचारविनिमय झाला. अर्जदाराचे पती श्री. ऐतमुखान, जे रुंद रुळांवरच्या इंजिनाचे चालक आहेत, त्यांनी पट्टा-पत्राच्या बाजूने मत दिले. काळा पट्टा घरात आला तर निदान आई जरा दबून राहील, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांच्या मातोश्री श्रीमती कान्शायिम, वय एक्याऐंशी, शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मुलाकडे दुर्लक्ष करून अर्जदाराला विचारले, "सूनबाई, तीन घरांतून एकदम मागणी आली तर शहाणी पोरगी काय बघते? विहीर कुणाच्या दाराशी आहे ते बघते. यातलं तुझ्या कामाजवळचं कुठलं?"

अर्जदाराने साखळी-पत्र निवडले. सात महिन्यांत तिला मिळालेला हा एकमेव उपयुक्त सल्ला होता, आणि तो देणाऱ्या बाईंना लिहिता-वाचता येत नाही. हे निव्वळ नोंदीसाठी.

६. परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला लागतो, आणि तो दाखला आधीच प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच द्यावा लागतो. बंदरात असा माणूस एकच. सबब, अर्जदाराला एकोणीस वर्षांचा अनुभव आहे असा दाखला चौदा महिन्यांचा अनुभव असलेल्या श्री. जान्दोस यांनी दिला. त्यांना काम शिकवून तयार केल्याचा दाखला त्याआधी अर्जदाराने दिलेला होता. दोन्ही दाखले मनुष्यबळ विभागात एकाच फाइलमध्ये एकावर एक लावलेले आहेत व आजवर कोणाला काही खटकलेले नाही.

७. अर्जदाराने चार महिने अभ्यास केला. दिवसाची पाळी, घरचे काम, आणि उरलेल्या वेळात पुस्तक. पुस्तकात बाणांची चित्रे फार आहेत. प्रत्येक चित्रात एक 'ग्राहक' उजव्या टोकाला उभा असतो आणि तो समाधानी असतो. अर्जदाराने चौदा वर्षांत समाधानी ग्राहक पाहिला नाही, कारण समाधानी ग्राहक यार्डात फोन करत नाही. तरी तिने सर्व पाठ केले. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी पाठांतर करणे काय असते हे आपण तिशीत प्रमाणपत्र घेतलेल्या कोणाला तरी विचारू नये, तिला विचारावे.

८. परीक्षा १८ जुलैला झाली. शंभर प्रश्न, उत्तीर्ण व्हायला सत्तर गुण. प्रश्न क्र. ४७ वाचताना अर्जदाराला हसू आले, ते पर्यवेक्षकांनी नोंदवलेही आहे. प्रश्न असा :

'बंदर क्ष हे दोन रेल्वेरुंदींच्या सीमेवर आहे. वादळी वाऱ्यामुळे उंच क्रेन तीन दिवस बंद आहेत. केवळ दोन बुटकी उचल-यंत्रे चालू आहेत. नऊ गाड्या खोळंबल्या आहेत. नियंत्रकाने काय करावे? (अ) जी गाडी आधी आली ती आधी सोडावी. (ब) ज्या गाडीतला माल महाग ती आधी सोडावी. (क) ज्या गाडीला सर्वांत लांब जायचे ती आधी सोडावी. (ड) सर्व संबंधितांची बैठक बोलावून प्राधान्यक्रमावर सहमती घडवावी.'

महोदय, बंदर क्ष म्हणजे आपले बंदर. तीन दिवस म्हणजे गेल्या वर्षी नोव्हेंबरचे ११, १२ आणि १३. खिंडीतून वारा सुटला, क्रेनचे भोंगे वाजून त्या बंद झाल्या, रिकामे कंटेनर साखळ्यांनी बांधून ठेवावे लागले. नऊ गाड्या खरोखर नऊच होत्या. आणि खुर्चीवर अर्जदार होती.

तिने काय केले ते सांगते. सासूबाईंच्या माहेरी, उघड्या माळावर, पाहुण्यांना जेवायला वाढायची एक रीत होती. मेंढीचा कोणता भाग कोणाच्या मानाचा हे ठरलेले असतेच, ते कोणी बदलत नाही. पण ताटे भरायला घेताना ज्याला सर्वांत लांब परतायचे त्याचे ताट आधी भरायचे. जवळचा पाहुणा थोडा उशिरा जेवला तर फक्त कुरकुरतो. लांबचा उशिरा जेवला तर त्याला वाटेत अंधार गाठतो. गाड्यांचेही तेच आहे. लांबच्या मालाला पुढे समुद्रावरचे जहाज गाठायचे असते, ते चुकले की आठवडा गेला. जवळचा माल दोन दिवस उशिरा पोचला तर फक्त चार फोन येतात. अर्जदाराने ते फोन घेतले. बुटक्या यंत्रांनी आधी जड कंटेनर उचलायला लावले, कारण जड कंटेनर वाऱ्यात हेलकावत नाही. नऊच्या नऊ गाड्या सुटल्या, एकही जहाज चुकले नाही आणि कोणाला खरचटलेही नाही. त्याबद्दल आपल्याच सहीचे प्रशस्तिपत्र अर्जदाराकडे आहे.

हा प्रकार प्रश्नपत्रिकेत कसा गेला हेही ती सांगू शकते. फेब्रुवारीत राजधानीहून एक सल्लागार आले होते. ते केबिनमध्ये तीन दिवस बसले, अर्जदाराने घरून तळून आणलेली बाउरसाक त्यांनी एकट्याने संपवली, आणि सगळे खोदून खोदून विचारून लिहून घेतले. "हे तुम्ही शिकलात कुठे?" असे त्यांनी विचारले. अर्जदाराने "सासरी" असे सांगितले. ते त्यांनी लिहून घेतले नाही.

९. सबब अर्जदाराने (क) वर खूण केली. जे केले आणि जे जमले, ते लिहिले.

१०. आता अंगठीविषयी. आपल्याकडे शुभवार्ता आणणारा दारातूनच 'सुयिंशी' म्हणून ओरडतो आणि घरच्यांनी बातमी ऐकण्याआधी किंवा ऐकताच त्याच्या हातावर काहीतरी मोलाचे ठेवायचे असते; जो पहिला येईल त्यालाच ते मिळते, दुसऱ्याला चहा. त्यामुळे आपल्या कार्यालयात चांगली बातमी आली की निम्मे कर्मचारी ती न वाचता पळत सुटतात, हे आपणांस ठाऊक आहे. २६ जुलै रोजी परीक्षेसंबंधी एक यादी आली. श्री. मेईरखान यांनी तीत अर्जदाराचे नाव पाहिले आणि यादीचे शीर्षक न वाचता ते सायकलवर बसले.

दारातून त्यांनी सुयिंशी मागितली. सासूबाईंनी बोटातली चांदीची अंगठी काढून त्यांच्या हातावर ठेवली. ती त्यांना त्यांच्या सासूने दिलेली होती. मेईरखान म्हणाले, "आजी, सूनबाई पास झाली. खुर्ची तिचीच." सासूबाईंनी त्यांच्या आणि अर्जदाराच्या डोक्यावरून मिठाई उधळली, अंगणात पोरांची झुंबड उडाली, आणि त्या रविवारी तोय, म्हणजे घरची मेजवानी, झाली. साठ माणसे जेवली.

त्यांत आपण होतात, महोदय. मेंढीचे डोके मानाने आपल्यापुढे ठेवले होते. आपण ते रीतीप्रमाणे कापून वाटलेत, मग तळहात वर करून सर्वांसमक्ष आशीर्वाद दिलात की, "कुल्याशची खुर्ची तिच्याखाली कायम राहो." साठ जणांनी तोंडावरून हात फिरवून त्याला दुजोरा दिला. अर्जदाराच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आले होते. आता तिला त्याची लाज वाटते.

११. यादी परीक्षेला बसलेल्यांची होती.

१२. ९ ऑगस्टच्या पत्राने अर्जदाराला ६९ गुण असल्याचे कळले. तिने उत्तरसूची मागवली. प्रश्न ४७ चे बरोबर उत्तर (ड) आहे. खाली खुलासा छापला आहे : '(क) हा अनुभवी परंतु अप्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा स्वाभाविक कल असून उमेदवारांनी तो टाळावा.'

अर्जदाराने हे चार वेळा वाचले. मग तिने सर्व संबंधितांची मोजदाद केली. दोन देशांची रेल्वे, दोन देशांचे सीमाशुल्क, अकरा माल-दलाल, एक जहाज कंपनी आणि नऊ चालक, ज्यांपैकी चौघे झोपले होते. आपल्या कार्यालयात नवा समोवर घ्यावा की जुन्याला कल्हई करावी यावर सहमती व्हायला एक वर्ष दोन महिने लागले. त्या हिशेबाने त्या नऊ गाड्या आजही इथेच उभ्या असत्या आणि त्यांत असलेले द्राक्षांचे सहा कंटेनर आता बेदाणे म्हणून विकता आले असते.

फेरतपासणीच्या अर्जाला आपल्या कार्यालयाने कळवले की, 'सदर प्रश्न काल्पनिक असून प्रत्यक्ष बंदराशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.' अर्जदार योगायोग समजायला तयार आहे. फक्त मग प्रशस्तिपत्र कशाबद्दल होते, ते कळावे.

१३. श्री. मेईरखान अंगठी परत द्यायला आले. रुमालात बांधून आणली होती. चेहरा पडलेला होता. सासूबाईंनी त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवले.

"आजी, बातमी चुकीची होती. ही घ्या."

"बातमी तू दिलीस, अंगठी मी दिली. व्यवहार संपला. आता ती बातमी आमची आहे."

"पण आजी, ती खरी नाहीये."

"ते तुझ्या ऑफिसनं बघून घ्यावं. मी खऱ्याची किंमत मोजलीये."

आणि त्यांनी दार लावून घेतले. मेईरखान यांनी अंगठी घाबरून कार्यालयात जमा केली. ती सध्या मनुष्यबळ विभागाच्या कपाटात 'बेवारस वस्तू, नग एक' अशी चिठ्ठी लावून ठेवली आहे. एक्याऐंशी वर्षांच्या बाईंनी भरल्या अंगणात दिलेल्या वस्तूला बेवारस म्हणणे अर्जदाराला झोंबले आहे.

१४. १ सप्टेंबरपासून अर्जदार पाचर-शेडमध्ये आहे. उभ्या वाघिणीच्या चाकाखाली लावायच्या लाकडी पाचरी तिथे ठेवतात. मोठ्या एकीकडे, लहान दुसरीकडे. सकाळी मोजायच्या, संध्याकाळी मोजायच्या. या पदाला कोणतीही पात्रता लागत नाही असे आपल्या पत्रात मुद्दाम लिहिले आहे. पहिल्या दिवशी अर्जदार शेडमध्ये रडली. अर्जात असे लिहीत नाहीत, पण ते खरे आहे. तिचे पती रोज इंजिन घेऊन शेडसमोरून जातात आणि तिथे पोचले की उगाच एकदा शिटी देतात. पूर्वी ते तशी केबिनसमोर द्यायचे.

१५. १३ ऑक्टोबरला पुन्हा वारा सुटला. क्रेन बंद. सात गाड्या. खुर्चीवर श्री. जान्दोस होते. त्यांनी (ड) प्रमाणे बैठक बोलावली. निमंत्रितांपैकी तिघे आले. दोन तासांनी त्यांच्यात सहमती झाली की, उरलेले आल्याशिवाय सहमती होऊ नये.

त्यानंतर पाचर-शेडमधला फोन वाजला.

"आपाय, बैठक झाली."

"काय ठरलं?"

"दुसरी बैठक घ्यायची असं ठरलं. आपाय, सात गाड्या आहेत. मी काय करू?"

"सगळ्यांत लांब कोण चाललंय?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "तिसऱ्या रुळावरची. जहाज गाठायचंय तिला."

"जड डबे किती?"

"बावीस."

"मग तिचे बावीस आधी. रिकाम्यांना हात लावू नकोस. आणि चालकांना चहा पाठव, ते फोन करकरून डोकं खातील तुझं."

तीन दिवसांत असे तेवीस फोन आले. अर्जदाराने तेवीसही घेतले, कानाला फोन आणि हातात पाचरींची वही. सातही गाड्या १६ तारखेपर्यंत सुटल्या. श्री. जान्दोस यांनी अहवालात अर्जदाराचे नाव लिहिले होते. तो अहवाल तिने स्वतः पाहिला आहे. काल सूचनाफलकावर लागलेल्या अहवालात ते नाव नाही. त्याऐवजी आपल्या सहीने असे आहे की, 'प्रमाणित पद्धतीने व सर्व संबंधितांच्या बैठकीद्वारे संकटावर मात करण्यात आली. परिपत्रक क्र. ११८ किती दूरदृष्टीचे होते हे यावरून सिद्ध होते.'

जान्दोस तो फलक पाहून शेडमध्ये आले होते. ते पाचरींच्या ढिगावर बसले आणि म्हणाले, "आपाय, मी राजीनामा देतो." अर्जदाराने त्यांना हाकलून दिले. खुर्चीवर निदान असा माणूस असावा, ज्याला आपल्याला येत नाही हे कळते. असे लोक आपल्या इमारतीत फार नाहीत.

१६. पुराव्यादाखल सोबत जोडले आहे : नोव्हेंबरच्या त्या तीन दिवसांची केबिनमधली नोंदवही (पाने अकरा); आपल्या सहीचे प्रशस्तिपत्र; दोन्ही यंत्रचालकांचे जबाब, पैकी एकाने फक्त 'होय' एवढेच लिहिले आहे; उत्तरसूचीची प्रत; तोयमधले एक छायाचित्र, ज्यात आपले तळहात वर आहेत.

१७. वरील सर्व ध्यानात घेता अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

एक. प्रश्न ४७ चा गुण द्यावा. तो दिल्यास ७० होतात, हे आपल्या लेखा विभागाकडून पडताळून घ्यावे.

दोन. तो देता येत नसल्यास, म्हणजेच (क) हे उत्तर खरोखरच चूक असल्यास, नोव्हेंबरातल्या नऊ गाड्या चुकीच्या रीतीने सुटल्या हे उघड आहे. त्या ताबडतोब परत बोलवाव्यात. जहाजांतून उतरवलेले कंटेनर गोळा करावेत, वापरला गेलेला माल संबंधित घरांतून आणून पुन्हा भरावा, सर्व कंटेनर अरुंद रुळांवर उलट चढवावेत, वारा सुटण्याची वाट पाहावी आणि मग बैठक घ्यावी. ऑक्टोबरातल्या सात गाड्यांना हाच नियम लावावा. पाचरी किती लागतील ते अर्जदार तत्काळ सांगू शकेल.

तीन. आपण दिलेला आशीर्वाद लागू आहे की रद्द, हे लेखी कळवावे. रद्द असल्यास तो त्याच साठ माणसांसमोर रद्द करावा, कारण दिला त्यांच्यासमोर होता. त्या दिवशीही जेवण अर्जदाराच्याच घरी राहील. मेंढीचे डोके मात्र या वेळी सासूबाईंपुढे ठेवले जाईल. अंगठी आपल्याकडेच ठेवावी. सासूबाईंचा निरोप आहे की, बातमी खरी कराल त्या दिवशी ती तुमची, तोवर तुमच्याकडे गहाण.

चार. पाचर-शेडमधला फोन काढून न्यावा. हा अर्ज लिहिताना तो दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा अर्जदाराने उचलला. पलीकडून जान्दोस बोलत असतो, त्याच्या मागे वाऱ्याचा आवाज असतो आणि रुळांवर कोणाचा तरी माल उभा असतो. अशा वेळी तो वाजत ठेवण्याचा करारीपणा अर्जदाराच्या अंगी नाही. चौदा वर्षांची सवय आहे. फोन तिथे आहे तोवर ती उचलणार. आणि ती उचलते आहे तोवर आपल्या कार्यालयाला हा अर्ज मंजूर करण्याची गरज पडणार नाही, हे तिला चांगले समजते.

उत्तर पाचर-शेडच्या पत्त्यावर पाठवावे.

अजूनही आपलीच नम्र,

(सही)
कुल्याश बैमुरातकिझी ओतेगेन
अक्तास, दि. १७ ऑक्टोबर